डीपी जळाली त्या आठवड्यातली सही

हमीद, तुझ्या नावाने दुकानातल्या कॉम्प्युटरवर पत्रं अजून येतात. मीच उघडतो, दुसरं कोण उघडणार. चार दिवसांपूर्वी एक काठमांडूहून आलं. तिथल्या शाळेतला तो कारकून तुला आठवत असेल. मागे त्याने छापलेल्या अक्षरांवरच्या मात्रांबद्दल पानभर शंका विचारल्या होत्या, तू वैतागून म्हणाला होतास, "ह्याला लई वेळ दिसतोय बे," आणि मग त्याच दुपारी पंपाचं काम बाजूला ठेवून एकेका शंकेला उत्तर लिहीत बसला होतास. पत्राची सुरुवात 'आदरणीय हमीदजी' अशी आहे. आपलं छपाईच्या प्रोग्रॅमचं पॅकेज नव्या यादीत दिसत नाही, कुठे गेलं, असं त्याने विचारलंय. शेवटी लिहिलंय, आपली तब्येत ठीक असेल अशी आशा करतो. दोन्ही गोष्टींचं उत्तर मला माहीत आहे, तरी चार दिवस मी मायन्याच्या पुढे सरकलेलो नाही.

तुझा चाळिसावा दहा दिवसांपूर्वी झाला. लोक चांगलंच बोलले. डिझेल पंपाला कान लावून कुठला प्लंजर गेलाय ते सांगणारा माणूस बीडपासून पार उस्मानाबादपर्यंत दुसरा नव्हता, असं दोन ट्रकवाले सांगत होते. तुझ्या दुसऱ्या कामाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, कारण ते चौसाळ्यात मला सोडून कुणाला माहीतच नाही. मी बोलू शकलो असतो. पण बोलायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, म्हणून मी पाणी वाढत राहिलो.

ते सगळं म्हणजे एवढंच. त्या गुरुवारी औरंगाबादला तू मला विचारलंस, "तपासलंस का?" मी 'हो' म्हणालो. मी तपासलं नव्हतं. त्या 'हो'वर तू सही केलीस, ती तुझी शेवटची ठरली, आणि ती एका नादुरुस्त वस्तूवर आहे. तू गेल्यावर मी रडलो तेव्हा लोकांना वाटलं, मित्र गेला म्हणून रडतोय. त्यातलं अर्धं रडणं ह्या एका शब्दाचं होतं.

तू पहिल्यांदा माझ्या दुकानात आलास तो गॅरेजचं बिलबुक छापून घ्यायला. माझं तेव्हा नवंच होतं सगळं, हायवेवर दहा बाय बाराचं दुकान, एक कॉम्प्युटर, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, लग्नपत्रिका आणि अर्ज. गावात केबल आली होती, एसटीडीचे पिवळे बोर्ड लागले होते, आणि मला वाटत होतं की आता आपलंही काहीतरी होणार. तू बिलबुकाचा नमुना बघितलाच नाहीस. प्रिंटरचं डोकं कसं पुढेमागे जातंय ते बघत उभा राहिलास आणि विचारलंस, "ह्याला आकार कोन सांगतंय?" मी म्हणालो, आतला प्रोग्रॅम. "उघडून बघता येतंय का?" मी म्हणालो, नाही. तर तुझा चेहरा पडला, बिलबुक घेतलंस आणि गेलास.

सहा महिन्यांनी तू एक सीडी घेऊन आलास. औरंगाबादच्या स्टँडवर एका इंग्रजी मासिकाबरोबर मिळाली होती. "अप्पा, हे उघडून बघता येतंय म्हनं," एवढंच बोललास. तुझ्या हाताचं डिझेल त्या सीडीच्या खोक्याला लागलेलं अजून तसंच आहे.

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, तू ह्या कामाबद्दल सांगितलं होतंस ते मी अजून तसंच्या तसं सांगू शकतो. अण्णा दुकानात येऊन बसायचे, गळ्यातलं लिंग चाचपत आपल्या दोघांकडे संशयाने बघायचे.

"काय करता रे तुमी दोघं दिसभर त्या डब्यापुढं?"

"अन्ना, जगातल्या लोकांनी मिळून कॉम्प्युटरचं एक इंजिन बांधलंय. मालक न्हाई. ज्यानं त्यानं एकेक पुर्जा सांभाळायचा. खराब निघाला तर त्यानंच दुरुस्त करायचा, तपासायचा, आपली सही करायची आन् सगळ्यांसाठी ठिवून द्यायचा. एक पुर्जा आपल्याकडं हाय."

"पगार काय देतेत?"

"न्हाई देत."

"मंग कावून करता?"

तू म्हणालास, "पंपावर कंपनीचं सील असतंय अन्ना. तोडलं की ग्यारंटी गेली. हितं सीलच न्हाई."

"म्हंजे ग्यारंटी बी न्हाई," अण्णा म्हणाले आणि उठून गेले. तू इतका हसलास की ठसका लागला. पुढे कितीतरी दिवस काही बिघडलं की आपण एकमेकांना अण्णांचं ते वाक्य ऐकवायचो. आता ऐकवायला कुणी नाही.

आपला पुर्जा तसा बारीकच. डॉट मॅट्रिक्सवर मराठी अक्षर नीट छापणारा छोटा प्रोग्रॅम, पुण्याच्या कुठल्याशा विद्यार्थ्याने लिहिलेला. तो शिकायला अमेरिकेला गेला आणि पत्रांना उत्तर देईनासा झाला. लिनक्सवाल्यांच्या यादीत त्या पॅकेजपुढे 'वाली हवा आहे' अशा अर्थाची ओळ लागली, ती तू वाचलीस आणि तुझ्या त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत कळवलंस, मी सांभाळतो. बारावी सोडलेला पंप मेकॅनिक, आणि म्हणे मी सांभाळतो. मला तेव्हा हसू आलं होतं, हे आज कबूल करतो. दोन वर्षांत तू ते असं सांभाळलंस की जर्मनीतला एक माणूस आपल्या चुका तुझ्याकडून तपासून घ्यायला लागला.

तुझा नियम एकच होता, कागद. पडद्यावर दिसलं ते खरं मानायचं नाही. प्रत्येक वेळी सही करायच्या आधी तू परीक्षेचं पान छापायचास, त्यावर एसटीच्या पाट्यांवरची नावं होती, पाटोदा, मांजरसुंबा, चौसाळा, धर्मापुरी. धर्मापुरीचा रफार नेहमी एक ठिपका डावीकडे पडायचा. तू तो कागद दारात उजेडावर धरायचास आणि बोटाने रफार शोधायचास. एकदा ह्या एका रफारासाठी तू तीन आठवडे सही अडवून धरलीस. मी म्हणालो, अरे, धर्मापुरीच्या लोकांना तरी फिकीर आहे का? तू म्हणालास, "त्यांच्या गावाचं नाव हाय, अप्पा." मला राग आला होता. आता तो कागद माझ्या गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवलाय.

आपलं भांडण मात्र मिटलंच नाही. सही करायचा हक्क मिळवायला ह्या लोकांच्या आधीच्या सभासदाने तुला समोर बघावं लागतं, फोटोचं ओळखपत्र तपासावं लागतं. जवळात जवळचे सभासद पुण्याचे एक सर, म्हणून आपण दोघं पहाटेच्या एसटीने गेलो. तुझ्याकडे पासपोर्ट होता, सौदीला जायचं म्हणून काढलेला आणि मग अम्मीने रडून अडवल्यामुळे ट्रंकेत पडलेला. माझ्याकडे रेशनकार्ड होतं. सरांनी ते उलटसुलट केलं, अगदी नम्रपणे म्हणाले, ह्यावर फोटो नाही. तुझं झालं, माझं राहिलं. तुझ्या त्या पासपोर्टवर कुठल्याच देशाचा शिक्का नाही, तो आयुष्यात त्या एका दुपारीच कामाला आला.

येताना एसटीत मी बोललो नाही. तुला वाटलं, ऊन लागलं. मग पुढे पॅकेजवर नाव तुझं, पत्रं तुला, आभार तुझे. निम्मं काम माझं असायचं हे तू प्रत्येक पत्रात लिहायचास, तरी मला ते टोचायचं. एकदा तर मी बोललोच, मेहनत दोघांची आणि नाव एकट्याचं. तू लगेच म्हणालास, जोडनाव घालू, जागा आहे तशी. मी म्हणालो, उपकार नकोत. तू म्हणालास, "मंग फोटोचं कार्ड काढ ना बे, बीडला जायला किती वेळ लागतोय?" मी काढलं नाही. हट्टाने काढलं नाही. ते कार्ड असतं तर आज मी हे पत्र लिहीत नसतो, पॅकेज पाठवत असतो.

मग तुझ्या किडन्यांचं निघालं. पाय सुजायला लागले तेव्हा तू म्हणायचास, उभं राहून राहून होतंय. औरंगाबादच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा नव्या आवृत्तीत सुधारणा घेणं बंद व्हायला थोडेच दिवस होते, त्यानंतर यादी बंद होईपर्यंत फक्त चुकांच्या दुरुस्त्या. त्यात पाटोद्याच्या शाळेचे हेडमास्तर माझ्या मागे लागलेले. ते आपल्याच प्रोग्रॅमवर निकालपत्रं छापायचे आणि त्यांची एकच तक्रार होती, प्रत्येक निकालपत्रानंतर एक कोरा कागद वाया जातो. खरंच जायचा. मी दुकानदाराचा मुलगा, मला ते बघवायचं नाही. मी आत शोधलं, शेवटी कागद पुढे सरकवायची एक आज्ञा होती, ती काढून टाकली. पडद्यावर सगळं छान दिसलं. कोरा कागद गेला. ह्यावेळी सुधारणा पूर्णपणे माझी होती, तुझा हात कुठेच लागला नव्हता, आणि मला त्याचा आनंद फार झाला होता.

छापून बघणार तेवढ्यात गावाला वीज देणारी डीपी जळाली आणि लाईट गेली. मंगळवारी जळाली, बुधवारी वायरमन बघून गेला, गुरुवारपर्यंत नवी आली नाही. प्रिंटर एकच, तोही दुकानात. बीडला जाऊन कुणाच्या तरी दुकानात छापता आलं असतं, पण त्यांच्याकडे आपला प्रोग्रॅम नाही, परत सगळं बसवा. मी विचार केला, एकच तर आज्ञा काढलीये. बदल लाईट जायच्या आधीच फ्लॉपीवर उतरवला होता, ती खिशात घातली आणि गुरुवारी सकाळची एसटी पकडली.

दवाखान्यासमोरच्या सायबर कॅफेत तू चालत आलास. एका हाताला सलाईनची सुई तशीच, वर पट्टी. कॅफेवाला घाबरला, "चाचा, इधर कुछ हुआ तो मेरे पे आएगा." तू म्हणालास, "काय होत न्हाई, कोपऱ्यातलं मशीन बंद कर." सहीची किल्ली तुझ्या फ्लॉपीत आणि तिचं परवलीचं वाक्य तुझ्या डोक्यात; परक्याच्या चालू मशीनवर ते वाक्य तू कधीच टाकायचा नाहीस, आपली फ्लॉपी घालून आपलंच लिनक्स चालू करायचास आणि मगच सही. त्या अवस्थेतही तू तो नेम सोडला नाहीस. मशीन चालू होईपर्यंत आपण बाकावर बसलो.

"तपासलंस का?"

"हो."

"कागदावर?"

"हो. धर्मापुरीचा रफारसुद्धा बरोबर पडला."

ते रफाराचं मी कशाला जोडलं, देव जाणे. खोटं बोलणाऱ्याला एक शब्द जास्त लागतो. तू माझ्याकडे बघितलंस. थोडा जास्त वेळ बघितलंस, असं आता वाटतं. मग की-बोर्ड ओढलास, पण सुजलेल्या बोटांनी बटणं चुकायला लागली. दोनदा वाक्य चुकलं. तू की-बोर्ड माझ्याकडे सरकवलास, माझ्या कानाशी वाकून ते वाक्य सांगितलंस आणि म्हणालास, "तू टाक." मी टाकलं. सही तुझी, बोटं माझी. चार वर्षांत तू ते वाक्य शबानाभाभींनाही सांगितलं नव्हतंस. ते इथे लिहीत नाही, कुठेच लिहिणार नाही.

आठव्या दिवशी तू गेलास.

तुला माती देऊन तीन दिवस झाले होते आणि पाटोद्याचे हेडमास्तर दुकानात आले. हातात निकालपत्रांचा गठ्ठा, सही झाल्यावर मी त्यांच्या शाळेत बसवून दिलेल्या नव्या आवृत्तीवर छापलेला. मी काढलेली ती आज्ञा नुसता कागद सरकवत नव्हती, प्रिंटरमध्ये अडकलेली शेवटची ओळही तीच बाहेर ढकलत होती. आता ती ओळ आत राहायची आणि पुढचं काम आलं की त्या पुढच्या कागदावर सगळ्यात वर छापली जायची. निकालपत्रातली शेवटची ओळ निकालाची असते. एका मुलाचा निकाल दुसऱ्याच्या कागदावर, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या. वाटणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं नाही, कारण प्रत्येकाच्या कागदावर निकाल होताच, फक्त खालचा वर गेला होता. ते कळलं कसं, तर वर्षभर वर्गात न दिसलेला एक पोरगा पास झाल्याचे पेढे घेऊन हेडमास्तरांच्या घरी गेला. तू असतास तर त्या पेढ्यांवर हसला असतास. मी हसलो नाही, कारण हेडमास्तरांनी लगेच पुढचं सांगितलं.

नववीतल्या एका हुशार मुलीच्या कागदावर नापास आलं होतं. घरात कुणी विचारपूस केली नाही, शाळेत कुणी गेलं नाही. आता शाळा पुरे म्हणून वडिलांनी पाहुण्यांना निरोप धाडला. हेडमास्तर स्वतः त्यांच्या दारात गेले, मुलगी वर्गात दुसरी आलीये म्हणून सांगितलं. वडील म्हणाले, बरं झालं, पण एकदा बोलावलेल्या पाहुण्यांना येऊ नका कसं म्हणायचं? पाहुणे आले. पुढचं मी विचारलं नाही.

जाताना हेडमास्तर म्हणाले, "हमीदभाईंचं काम असं कधी नसायचं."

आणि मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "आजारी होता ना तो."

हमीद, पहिल्या खोट्याला निदान घाई होती. ह्याला काहीच नव्हतं. दुकानात मी होतो, लाईट होती, समोर सज्जन माणूस बसला होता, आणि मी तुझ्या मातीवर माझी चूक टाकून मोकळा झालो.

दुरुस्ती सोपी होती, एका दुपारची. ह्यावेळी मी चाळीस कागद छापले. पाटोदा, मांजरसुंबा, चौसाळा, धर्मापुरी, आणि सगळ्यात खाली शेवटची ओळ, प्रत्येक वेळी जिथल्या तिथे. कोरा कागद परत वाया जायला लागला, तो जाऊ दिला. पण दिलेलं पॅकेज मागे घेता येत नाही, तूच शिकवलं होतंस. पुढचं द्यावं लागतं आणि त्यावर सही लागते. तोवर काठमांडूच्या कारकुनाने तीच चूक यादीवर नोंदवली होती, अगदी अदबीने, 'हमीदजींनी कृपया लक्ष द्यावं.' यादीवरच्या लोकांना तू गेल्याचं माहीत नव्हतं. यादी कायमची बंद व्हायला आता नऊ दिवस होते. तोवर दुरुस्ती आली नाही तर पॅकेज बाहेर.

तुझी फ्लॉपी भाभींनी दवाखान्याच्या पिशवीतून माझ्याकडे दिलेली होती, रिपोर्ट, कंगवा आणि ती. वाक्य माझ्या कानात होतं. एका दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि सही केली. मशीनने कसलीच हरकत घेतली नाही. पडताळून बघितलं तर उत्तर आलं, सही बरोबर आहे, हमीदची आहे, आणि पुढे त्या दिवसाची तारीख. तुला जाऊन महिना झाला होता. मशीनला ते माहीत नव्हतं, त्याने तुला ओळखलं. मी ते किती वेळ बघत बसलो सांगता येत नाही. एक आज्ञा दिली की गेलं असतं, तुझं नाव पुन्हा स्वच्छ झालं असतं, आणि त्या यादीपुरता तू जिवंत राहिला असतास, मी थकेपर्यंत. मग मी ते पुसलं. फार मोठं मन वगैरे काही नव्हतं रे त्यात. तिसऱ्यांदा खोटं बोलायचं त्राण नव्हतं, एवढंच.

संध्याकाळी मी यादीवर, म्हणजे ह्या सगळ्यांना एकदम पत्र जातं तिथे, कळवलं की हमीद वारला. काठमांडूचा कारकून नुसती चूक नोंदवून गेला होता, यादीवरची पत्रं त्याला जात नाहीत. दुरुस्ती जोडली, आणि विनंती केली की सभासदांपैकी कुणीतरी तपासून आपली सही करावी. चूक कुणाची ते लिहिलं नाही. दोन दिवसांत तुझी सही बाद केल्याची नोंद आली. शोकाची पत्रं आली, तो जर्मन माणूस दोन पानं लिहून गेला. तुझ्यासारखं तपासून देणारा माणूस त्याने पाहिला नाही, असं होतं त्यात. वाचून मला दुकानात बसवेना.

पुण्याच्या सरांचं उत्तर शेवटी आलं. त्यांनी दुरुस्ती वाचली होती, बरोबर वाटते म्हणाले. पण तसला प्रिंटर आता त्यांच्याकडे नाही, ओळखीत कुणाकडे नाही, आणि जे मी स्वतः कागदावर उतरलेलं पाहिलेलं नाही त्यावर मी सही करत नाही, क्षमा असावी. मला राग यायला हवा होता. आला नाही. तूही हेच लिहिलं असतंस, अगदी ह्याच शब्दांत. तुझ्या नियमाने तुझं पॅकेज बाहेर गेलं आणि मला वाद घालायला जागाच उरली नाही. यादी बंद झाली. आपल्या नावापुढे आता 'काढले' एवढं आहे. पाटोद्याच्या शाळेने दुसरा कॉम्प्युटर घेतलाय, मराठीसकट, सीलबंद. त्यांचा जुना प्रिंटर स्टोअररूममध्ये गेला. आपण जे काही केलं ते आता फक्त माझ्या ह्या एका मशीनवर चालतं.

चाळिसाव्याला जेवणं उरकल्यावर भाभी माझ्याजवळ येऊन बसल्या. सहज बोलत होत्या, तुझं शेवटचं दुखणं, तुझं जेवण. दवाखान्याच्या दारातल्या पीसीओवरून तू रोज सकाळी शेजारच्या किराणा दुकानात फोन करायचास, ते सांगत होत्या.

"तुमी गेलता ना अप्पा फ्लॉपी घिऊन, त्या दिशी सकाळी बी फोन आलता. मी म्हनलं, दळन न्हाई, तीन दिस झाले डीपी जळालीये, चक्की बंद हाय. तर इचारले, अप्पाच्या दुकानात बी न्हाई का लाईट? म्हनलं, मंगळवारपासून सगळ्या गावात न्हाई. मग हसले. म्हनले, आज अप्पा येनार हाय."

त्यांना ह्यात काही वाटलं नाही. त्या उठून ताटं गोळा करायला गेल्या.

तुला माहीत होतं. बाकावर बसून विचारलंस तेव्हा तुला माहीत होतं की चौसाळ्यात कागद छापणं शक्यच नव्हतं. 'कागदावर?' असं तू दुसऱ्यांदा विचारलंस ते मला खरं बोलायला जागा द्यायला विचारलंस, आणि मी तिथे रफार आणून बसवला. एका ठिपक्यासाठी तीन आठवडे अडून बसणारा माणूस तू. कळूनसवरून सही केलीस, आणि वर तुझं वाक्य माझ्या कानात सांगितलंस.

दहा दिवस मी हेच घोळवतोय. थकला होतास म्हणून? आपण जातोय हे कळलं होतं आणि जाताना मला खोटं पाडायचं नव्हतं म्हणून? त्या एसटीतला माझा अबोला तुला तेव्हाच कळला होता आणि एकदा तरी माझं काम माझ्या शब्दावर जाऊ दे, असं वाटलं म्हणून? प्रत्येक उत्तराने मी आणखी लहान होतो. तुझ्यावर चिडावं असंही वाटतं. तू नाही म्हणाला असतास तर ती मुलगी आज शाळेत असती, आणि मी तुझ्यावर आठवडाभर रुसलो असतो, तेवढंच.

आज सकाळी काठमांडूला उत्तर लिहिलं. हमीद वारले. पॅकेज काढलं गेलं, परत येणार नाही. शेवटच्या आवृत्तीतली चूक माझी होती, मी न तपासता तपासलं म्हणालो. माझं नाव लिहिलं आणि पाठवून दिलं. पाटोद्याला हेडमास्तरांकडेही जाईन म्हणतो, सकाळपासून दोन एसट्या समोरून गेल्या.

उत्तर येईल, तो कारकून अदबशीर माणूस आहे. पण मला त्याचं नकोय. तुझं परीक्षेचं पान आत्ता छापलं, उजेडावर धरलं. रफार बरोबर आहे. शेवटची ओळही आलीये. तू फक्त एवढं सांग, सगळं माहीत असून सही केलीस ती कावून, बे?